सॉल्टबुश आणि उडती जमीन

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातल्या कोरड्या माळांवर वर्षाला जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही नेमाने नाही. हे माळ दुरून राखाडी दिसतात. तो रंग सॉल्टबुशच्या पानांचा. गुडघ्याएवढी, फार तर मांडीपर्यंत येणारी ही झुडपे हात-दोन हात अंतर ठेवून मैलोन्‌मैल पसरलेली असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांची प्रजाती अ‍ॅट्रिप्लेक्स. महाराष्ट्रात परसात पालेभाजी म्हणून लावतात तो चंदनबटवा याच प्रजातीतला. चाकवत आणि पालक हे जरा लांबचे भाऊबंद. ऑस्ट्रेलियात या प्रजातीच्या पन्नासाहून अधिक देशी जाती आहेत. इतिहासात वारंवार भेटतात त्या तीन: माळ झाकणारी बुटकी ब्लॅडर सॉल्टबुश, दोन-तीन मीटरांपर्यंत वाढणारी ओल्ड मॅन सॉल्टबुश आणि जमिनीलगत सरपटणारी क्रीपिंग सॉल्टबुश.

या झुडपाला पाण्याची चणचण आणि मातीतले मीठ दोन्ही सोसतात. मुळांवाटे वर चढलेले मीठ ते पानांवरच्या फुगीर, फोडांसारख्या केसांमध्ये साठवते. हे केस फुटले, वाळले की पानावर चंदेरी थर बसतो आणि कडक ऊन परतवतो. उष्ण हवेत कमी पाणी खर्चून अन्न तयार करण्याची सी-४ पद्धत ज्वारी-मक्याप्रमाणे याच्याकडेही आहे. ब्लॅडर सॉल्टबुशची मुळे फार खोल जात नाहीत. ती उथळ थरात आजूबाजूला पसरतात आणि चार-सहा मिलिमीटरच्या सरीचे पाणीही पकडतात. बियांभोवतीच्या आवरणात मीठ असते. ते धुऊन निघेल इतका पाऊस झाल्याशिवाय बी सहसा उगवत नाही, त्यामुळे एखाद्या फसव्या सरीवर भुलून सगळे बियाणे वाया जाण्याचा धोका टळतो.

जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट झुडपाच्या बुंध्याशी घडते. वाऱ्याने वाहून आणलेली माती, काटक्या आणि गळालेली पाने तिथे अडकतात, लहानसा उंचवटा तयार होतो, त्यात पाणी मुरते आणि पुढचे रोप बहुधा तिथेच रुजते. दोन झुडपांमधली जमीन उघडी दिसली तरी तिच्यावर शैवाल आणि दगडफूल यांची पातळ खपली असते. झुडूप वाऱ्याचा जोर जमिनीलगत मोडते आणि खपली माती धरून ठेवते. युरोपीय वसाहत होण्यापूर्वी या खंडावर खूर असलेला एकही प्राणी नव्हता, आणि कायमच्या पाण्याअभावी कांगारूंचे कळपही एका जागी फार काळ थांबत नसत. ती खपली तुडवायला कोणी नव्हते.

युरोपीय शास्त्रज्ञांच्या नोंदीत ही झुडपे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली. क्रीपिंग सॉल्टबुशचे वर्णन रॉबर्ट ब्राउन यांनी १८१० मध्ये केले. ओल्ड मॅन सॉल्टबुशचे नामकरण जॉन लिंडली यांनी १८४८ मध्ये केले, तेही टॉमस मिचेल या सर्वेक्षकाच्या मोहिमेत गोळा झालेल्या नमुन्यांवरून. शोधक मंडळींना मात्र सॉल्टबुशचे माळ कंटाळवाणे वाटत. त्यांच्या मागोमाग आलेल्या मेंढपाळांना त्यात फक्त चारा दिसला, आणि चारा म्हणून तो खरोखरच चांगला होता. गवत वाळून उडून गेल्यावरही सॉल्टबुश हिरवी राहते. पानात प्रथिने भरपूर असतात. मीठही भरपूर असते, पण जवळ गोडे पाणी असेल तर मेंढी जास्त पाणी पिऊन ते निभावते.

सॉल्टबुश हा जमिनीबद्दलचा पुरावा आहे, हे सर्वांत आधी नीट वाचले ते एका सरकारी अधिकाऱ्याने. साउथ ऑस्ट्रेलिया वसाहतीचे सर्व्हेअर-जनरल जॉर्ज गॉयडर यांना १८६५ च्या दुष्काळात एक काम सांगण्यात आले: पाऊस कुठपर्यंत भरवशाचा आहे आणि दुष्काळाचा पट्टा कुठे सुरू होतो, ते ठरवा. उत्तरेकडे पर्जन्यमापके जवळजवळ नव्हती. गॉयडर घोड्यावरून सुमारे ३,२०० किलोमीटर फिरले आणि वनस्पती बघत गेले. मॅली जातीची निलगिरी संपून सॉल्टबुश सुरू होते तिथून त्यांनी नकाशावर रेघ ओढली. तिच्या दक्षिणेला शेती, उत्तरेला फार तर मेंढ्या. पुढे शंभर वर्षांची पावसाची मोजमापे जमा झाली तेव्हा ती रेघ साधारण ३०० मिलिमीटरच्या पर्जन्यरेषेशी जुळत असल्याचे दिसले. मोजमापांशिवाय काढलेल्या सरकारी नकाशांत इतका खरा ठरलेला दुसरा नमुना सापडणे कठीण आहे.

त्या काळात मात्र गॉयडर यांची थट्टा झाली. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला सलग चांगला पाऊस पडला, नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो अशी समजूत पसरली, आणि १८७४ मध्ये सरकारने ती मर्यादा गुंडाळून ठेवली. सॉल्टबुश उपटून गहू पेरला गेला, नवी गावे आखली गेली. १८८० पासून सलग दुष्काळ पडला आणि रेषेपलीकडची शेते ओस पडली. फ्लिंडर्स पर्वतरांगांच्या परिसरात त्या काळातल्या दगडी घरांचे पडके सांगाडे आजही उभे आहेत.

गव्हाने केलेले नुकसान तरी एका पट्ट्यापुरते राहिले. मेंढ्यांनी केलेले त्याहून कितीतरी मोठ्या मुलखावर झाले आणि सावकाश झाले, म्हणून ते उशिरा लक्षात आले. साउथ ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आणि न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला १८६० नंतर विहिरी, तळी आणि पुढे खोल कूपनलिका झाल्या, तारेची कुंपणे पडली, लोकरीची वाहतूक उंटांवरून सुरू झाली. टॉमस एल्डर यांनी १८६६ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराची बंदरातून शंभरावर उंट आणि ते हाकणारी माणसे आणवली होती. त्यांच्यामुळे रेल्वे नसलेल्या भागातही धंदा परवडू लागला. पाण्याअभावी जिथे पूर्वी कळप टिकत नसे तिथे तो बारमाही राहू लागला, आणि झुडपांना उसंत मिळेनाशी झाली.

ओल्ड मॅन सॉल्टबुश खाल्ली गेली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. ब्लॅडर सॉल्टबुशचे तसे नाही. तिची सगळी पाने ओरबाडली गेली तर ती बहुधा मरते. मेंढीला रोज पाण्यावर यावे लागत असल्याने पाणवठ्याजवळची झुडपे आधी संपली आणि टक्कल पडलेले वर्तुळ वर्षागणिक रुंदावत गेले. अ‍ॅडलेड विद्यापीठाचे रॉबर्ट लांग यांनी १९६९ मध्ये या पाणवठ्याभोवतीच्या रचनेला ‘पायोस्फिअर’ हे नाव दिले आणि मेंढ्यांच्या पायवाटा व लेंड्या मोजून ती दाखवली. आकाशातून पाहिले तर अशा माळावर पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटांची चक्रे स्पष्ट दिसतात.

त्यातच ससे आले. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या टॉमस ऑस्टिन यांनी शिकारीसाठी सोडलेल्या सशांची संतती १८८० च्या दशकात या कोरड्या मुलखात पोहोचली होती. मेंढ्यांच्या तोंडून सुटलेले कोवळे रोप सशाने खायचे आणि दुष्काळात झुडपाची सालही सोलायची, असे चालले. १८९५ ते १९०३ या काळातल्या प्रदीर्घ दुष्काळात हिशेब उघडा पडला. न्यू साउथ वेल्सच्या वेस्टर्न डिव्हिजन या विभागात १८९० च्या सुमारास सव्वा कोटीच्या वर मेंढ्या होत्या. शतक उलटता उलटता त्या निम्म्याहूनही कमी उरल्या. १९०१ मध्ये चौकशी आयोगाने दिलेल्या अहवालात कमी पाऊस, ससे, गरजेपेक्षा जास्त जनावरे, धुळीची वादळे, अखाद्य झुडपांची वाढ आणि लोकरीचे पडलेले भाव अशी कारणे नोंदवली. यादी बरोबर होती. पण जमिनीवरचे आच्छादन गेल्यामुळे पाऊस पडला तरी तो मुरत नाही, ही साखळी कोणी मोजून दाखवलेली नव्हती.

ते काम अ‍ॅडलेड विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक टी. जी. बी. ऑस्बर्न यांनी हाती घेतले. १९२५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियातल्या कूनामोर या मेंढपाळी मुलखात सुमारे ४०० हेक्टरांचा, चरून पार उजाड झालेला तुकडा कुंपण घालून राखीव करण्यात आला. जमिनीत आखलेल्या चौकटींतले प्रत्येक झुडूप नकाशावर मांडायचे आणि ठरलेल्या खुंट्यांवरून दरवेळी त्याच दिशेने छायाचित्र घ्यायचे, अशी पद्धत बसवली गेली. विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या तरी नोंदी चालू राहिल्या. कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींची इतकी लांब, सलग नोंदमाला जगात फार थोड्या ठिकाणी आहे. ऑस्बर्न, वुड आणि पॅल्ट्रिज यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाणवठ्यापासूनच्या अंतरानुसार ब्लॅडर सॉल्टबुशची अवस्था कशी बदलते ते दाखवले. त्यात एक अनपेक्षित गोष्ट होती: थोडीफार चराई झालेली झुडपे अजिबात न चरलेल्या झुडपांपेक्षा जोमदार असू शकतात.

कूनामोरमध्ये मेंढ्या बाहेर गेल्या, पण ससे आतच राहिले. त्यांचा नीट बंदोबस्त १९७० च्या दशकात झाला. सॉल्टबुश परत आली, मात्र दशकांच्या हिशेबाने. एका-दोन पावसाळ्यांत माळ पूर्ववत होईल ही आशा तिथल्या छायाचित्रांनी खोडून काढली. ज्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला लागोपाठ दोन-तीन चांगले पाऊस येतात, त्या वर्षी रोपांची एक पिढी उभी राहते, आणि अशी वर्षे मोजकीच असतात.

पुढे १९३० च्या दशकात धूळ शहरांपर्यंत पोहोचली. शास्त्रसंशोधन परिषदेने पाठवलेले फ्रान्सिस रॅटक्लिफ साउथ ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात फिरले. मातीच्या स्थलांतरावरचा त्यांचा अहवाल १९३६ मध्ये आणि त्यावर अंशतः आधारलेले ‘फ्लाइंग फॉक्स अँड ड्रिफ्टिंग सँड’ हे वाचनीय पुस्तक १९३८ मध्ये आले. रॅटक्लिफ यांचा सूर निराशेचा होता. बरोबर त्याच सुमारास, त्याच मुलखाच्या कडेला असलेल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात एक आशादायक प्रयोग उभा राहत होता.

ब्रोकन हिलला १८८३ मध्ये चांदी, शिसे आणि जस्ताची शिर सापडली. गावाभोवतीची मल्गा बाभळ भट्ट्यांच्या जळणाला आणि खाणींतल्या टेकूंना गेली, झुडपे शेळ्या-मेंढ्यांनी संपवली, आणि पन्नास वर्षांत गाव उघड्या मातीच्या वर्तुळात उभे राहिले. वारा सुटला की वाळू घरांच्या कुंपणांवर चढे. कडेच्या वस्तीत ती उपसून काढणे हे रोजचे काम झाले. गावाभोवती झाडे लावावीत अशी सूचना अधूनमधून होई, पण पाणी नव्हते. पिण्याच्या पाण्याची मारामार असलेल्या गावात झाडांना पाणी घालण्याची कल्पना चैनीची वाटे.

अल्बर्ट मॉरिस (१८८६-१९३९) हे तिथल्या एका खाणीत धातुपरीक्षक होते. वनस्पतींचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हौसेने केला. पत्नी मार्गारेट यांच्यासह त्यांनी घरी रोपवाटिका चालवली, भोवतालच्या मुलखातल्या वनस्पतींचे नमुने जमवले, आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॅरिअर फील्ड नॅचरलिस्ट्स क्लबचे काम वर्षानुवर्षे सांभाळले. वाळू थोपवण्यासाठी उंच झाडांची रांग पुरेशी नाही, वारा जिथे माती उचलतो तिथेच जमीन झाकली पाहिजे, हे त्यांचे मत घरच्या प्रयोगांतून बनले होते. त्यांचे दुसरे मत जास्त धाडसाचे होते: बहुतेक जागी काही लावायची गरजच नाही, जनावरे आणि ससे बाहेर ठेवा, मातीत बी आहे.

१९३६ मध्ये झिंक कॉर्पोरेशन या कंपनीला नव्या खाणीच्या इमारती आणि वसाहत उभारायची होती. यंत्रांत आणि घरांत शिरणारी धूळ हा कंपनीसाठी खर्चाचा प्रश्न होता. व्यवस्थापक ए. जे. कीस्ट यांनी मॉरिस यांचा सल्ला मानला. थोड्या जागेत सांडपाण्यावर झाडे वाढवण्यात आली, ओल्ड मॅन सॉल्टबुशची रोपे लावण्यात आली, आणि त्याभोवतीचे मोठे पट्टे ससे शिरणार नाहीत अशा जाळीच्या कुंपणाने बंद करून तसेच सोडण्यात आले. पाऊस वेळेवर झाला. कुंपणाच्या आत सॉल्टबुश आणि इतर देशी रोपे वर आली; बाहेरची जमीन होती तशी राहिली. तारेच्या दोन बाजूंमधला हा फरक कोणालाही दिसत होता, त्यामुळे बाकीच्या खाणी आणि राज्य सरकारही पुढे आले आणि वारा जिथून येई त्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंना राखीव पट्ट्यांची साखळी तयार झाली. मॉरिस १९३९ च्या जानेवारीत वारले. गावाभोवतीचे वर्तुळ पुरे झाले ते १९५८ मध्ये. ‘रिजनरेशन रिझर्व्ह’ या नावाने ओळखले जाणारे हे पट्टे आजही गावाची सीमा आखतात.

ब्रोकन हिलचा उपाय स्वस्त होता, कारण तिथे वाळूखाली बी रुजू शकेल अशी माती शिल्लक होती. सगळीकडे तसे नव्हते. न्यू साउथ वेल्सच्या सपाट मैदानांत वरची माती उडून खालचा चिकणमातीचा थर उघडा पडला होता. हा थर पाऊस आत घेत नाही. बी आले तरी घरंगळून जाते. अशा जागांना तिथले लोक ‘स्कॉल्ड’ म्हणतात. १९३८ च्या मृदसंधारण कायद्याने स्थापन झालेल्या राज्य सेवेने नांगराच्या सऱ्या, खड्डे असे अनेक प्रकार करून पाहिले. टिकला तो नायनगनजवळच्या मारा क्रीक भागात १९६० नंतर विकसित झालेला तळ्यांचा उपाय. घोड्याच्या नालाच्या आकाराचे बुटके बांध घालून साधारण एकरभर जागेत सुमारे १० सेंटिमीटर पाणी अडवायचे. साचलेले पाणी क्षार खाली नेते, चिकणमाती फुगते, वाळताना तडकते. त्या भेगांत सॉल्टबुशचे बी पडले की रुजते. या कामात झुडपाइतकेच श्रेय बांधाची पातळी अचूक राखणाऱ्या माणसांना द्यावे लागेल, कारण पाणी एका कोपऱ्यात गोळा झाले तर तळे फुकट जाते.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात सॉल्टबुशला वेगळेच काम मिळाले. तिथल्या गव्हाच्या पट्ट्यात खोल मुळांची देशी झाडे तोडून हंगामी पीक घेतले गेले. पूर्वी झाडे जे पाणी शोषून घेत ते आता खाली मुरू लागले, भूजल वर आले आणि मातीत युगानुयुगे साठलेले मीठ सोबत घेऊन आले. रेल्वेचे अभियंता डब्ल्यू. ई. वुड यांनी १९२४ मध्ये हे कारण स्पष्ट मांडले होते. रेल्वेच्या इंजिनांना लागणारे ओढ्यांचे पाणी खारट होत चालल्याचे अभियंत्यांच्या लक्षात आधीच आले होते. जंगलतोड त्यानंतरही काही दशके जोरात चालली, आणि आज त्या राज्यातली सुमारे १० लाख हेक्टर जमीन खारावलेली आहे. महाराष्ट्राला चोपण जमिनीचा प्रश्न कालव्यांमुळे भेटला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाल्यावर काही वर्षांतच काळ्या जमिनी पाणथळ होऊन खारावू लागल्या, आणि हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. पाणी येण्याचा मार्ग वेगळा, मीठ वर चढण्याची रीत तीच.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्यात सी. व्ही. माल्कम यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खारवट जमिनीसाठी झुडपांच्या जाती गोळा केल्या आणि पेरणीची पद्धत बसवली. खारट चिखलात बी थेट टाकले तर ते मरते. म्हणून मातीचा उंचवटा करून त्याच्या माथ्यावर खाच पाडायची, खाचेत ठरावीक अंतरावर बी ठेवायचे आणि वरून आच्छादन द्यायचे. उंचवट्यामुळे पाणथळपणा टळतो आणि पावसाने खाचेतले मीठ खाली धुतले जाते. सॉल्टबुश जमीन झाकते, थोडेफार भूजल उपसते आणि शरद ऋतूत, जेव्हा शेतात दुसरे काही हिरवे नसते, तेव्हा मेंढ्यांना खायला मिळते. पोसण्याच्या दृष्टीने ती एकटी पुरत नाही. पानात मीठ इतके असते की सोबत कडबा किंवा वाळले गवत द्यावेच लागते. मेंढ्यांना जास्त आवडणारी आणि पचायला बरी अशी ओल्ड मॅन सॉल्टबुशची ‘अनामेका’ ही निवड २०१० च्या दशकात बाजारात आली.

परदेशांत या झुडपाची ख्याती त्याआधीच गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बर्कली इथले मृदाशास्त्रज्ञ यूजीन हिलगार्ड यांना मध्य खोऱ्यातल्या क्षारपड जमिनीवर उगवेल असे काहीतरी हवे होते. क्रीपिंग सॉल्टबुश तिथे लागली. टुलेरीच्या प्रयोगकेंद्रावर, जिथे जमिनीवर पांढरा क्षार दिसत असे, तिने चटई धरली आणि विद्यापीठाने शेतकऱ्यांना बी वाटले. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात, ट्युनिशियात आणि चिलीत मुख्यतः ओल्ड मॅन सॉल्टबुश चारा म्हणून लावली गेली. कॅलिफोर्नियात चाऱ्यापेक्षा जमीन झाकण्याचा उपयोग जास्त टिकला: रस्त्याकडेच्या उतारांवर, खारवट मोकळ्या जागांत, आणि पाने सहज पेट घेत नाहीत म्हणून वणव्याच्या भागातही.

तिथे क्रीपिंग सॉल्टबुश माणसाने लावल्या जागी थांबली नाही. तिची लाल, रसाळ फळे पक्षी आणि इतर प्राणी खातात आणि बी दूर नेतात. किनाऱ्यावरच्या खाजणांच्या कडेला आणि कोरड्या झुडपी रानात ती देशी वनस्पतींच्या जागा धरून बसली आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश मध्यम उपद्रवाच्या गटात केला जातो. एकेकाळी तिचे बी वाटणाऱ्या राज्यात आता राखीव क्षेत्रांतले कामकरी आणि स्वयंसेवक ती फळ धरण्यापूर्वी हाताने उपटतात.